मिस्त्रींचा दुसरा पंप

हृदयाचं ऑपरेशन म्हटलं की लोकांना सर्जन आठवतो. आठवू दे. मी भूल देणारी डॉक्टर. पेशंटला माझा चेहरा दोन मिनिटं दिसतो, तोही मास्कमागे, आणि शुद्धीवर आल्यावर तो पाया पडायला सर्जनला शोधतो. याचं मला एके काळी फार वाईट वाटायचं. मग मी मिस्त्रींना पाहिलं आणि तक्रार करणं सोडलं, कारण त्यांना तर कुणी दोन मिनिटंही पाहत नव्हतं.

मिस्त्री हार्ट-लंग मशीन चालवायचे. ऑपरेशनसाठी हृदय थांबवलं की पेशंटचं रक्त नळीतून बाहेर येतं, मशीन त्यात प्राणवायू मिसळतं आणि ते पुन्हा शरीरात ढकलतं. तेवढा वेळ पेशंटचं हृदय म्हणजे ते मशीन, आणि फुप्फुसंही तेच. मी नोकरीला लागले तेव्हाचं मशीन कपाटाएवढं होतं. त्याला ओळीनं गोल फिरणारे रोलर होते, जाड नळ्या होत्या आणि मागे एक पत्रा होता, जो कायम खडखडायचा. मिस्त्री खिशात पाना घेऊनच यायचे आणि पत्रा बोलायला लागला की दोन आटे आवळायचे. म्हणून ते मिस्त्री. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं.

त्या जुन्या थिएटरची मला अजून आठवण येते. एक दिवा सतत मिचमिचायचा. मॉनिटर एकच, त्यावर हिरवी रेघ, आणि त्या रेघेवर फार विश्वास ठेवायचा नाही अशी आम्हाला शिकवण. म्हणून मी डाव्या हाताची दोन बोटं पेशंटच्या कानापुढच्या नाडीवर ठेवून उभी राहायची. तासाभरात बोटांना मुंग्या यायच्या. मिस्त्री मशीनमागून म्हणायचे, "डॉक्टरीणबाई, पेशंट पळून नाही जात. सोडा त्याला." केस संपली की कपडे बदलायच्या खोलीतल्या डगमगत्या बाकावर आम्ही चहा प्यायचो. बाक डगमगतो म्हणून कुणी तक्रार केली की मिस्त्री म्हणायचे, मी माणसांची मशीन दुरुस्त करतो, बाकांची नाही. आज त्या थिएटरच्या जागी ऑफिस आहे. परवा मी मुद्दाम डोकावून आले, तर पेशंटच्या डोक्याशी मी उभी राहायची त्या जागी एक झेरॉक्स मशीन होतं. मला उगाचच राग आला.

मिस्त्रींची नि माझी गट्टी जमली ती माझ्या एका चुकीमुळे. मशीन चालू असताना पेशंटला श्वास देणारं माझं यंत्र बंद ठेवतात, कारण फुप्फुसांना काम नसतं. मशीन थांबवण्याआधी ते आठवणीनं चालू करायचं. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि आमच्या धंद्यातली ही चूक पहिल्या वर्षात कुणी ना कुणी करतोच. मीही केली. थकले होते, रक्ताच्या बाटलीचा नंबर लिहीत होते, आणि मोठे साहेब, म्हणजे तेव्हाचे सर्जन, म्हणाले, "मिस्त्री, थांबवा." मिस्त्रींचा हात बटणावर होता. पण त्यांनी मशीन थांबवलं नाही. म्हणाले, "साहेब, माझी एक नळी मुडपलीय. दोन मिनिटं द्या." आणि हनुवटीनं मला माझं यंत्र दाखवलं. मी श्वास चालू केला. साहेबांनी मिस्त्रींना सगळ्यांसमोर चांगलं फैलावर घेतलं. नळी मुडपते म्हणजे काय, झोपा काढता का, वगैरे. मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी थिएटरात फर्मान काढलं. यापुढे कुणीही काहीही सांगितलं की समोरच्यानं ते मोठ्यानं परत बोलायचं. परत बोललं नाही तर ते सांगितलंच नाही असं धरायचं. "मशीन थांबवा." "मशीन थांबवतोय. श्वास चालू?" "श्वास चालू." सगळ्यांना वाटलं, कालच्या ओरड्यानं याचं डोकं फिरलं. साहेबांनी चार दिवस कुरकुर केली आणि मग तेही पोपटासारखं परत बोलायला लागले. तो नियम माझ्यामुळे आला हे फक्त दोघांना ठाऊक होतं. मिस्त्रींनी तो घरीही लागू केला. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणते. वहिनी सांगायच्या, "गॅस बंद करा म्हटलं तर 'गॅस बंद करतोय' म्हणतात आणि पेपर वाचत बसतात. दूध उतू जायचं ते जातंच."

अशी पंचवीस वर्षं गेली. मिस्त्री निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांचंच हृदय थकलं. दोन झटके, मग पायांवर सूज, मग चार पायऱ्या चढल्या तरी धाप. शेवटी त्यांच्या हृदयाच्या डाव्या बाजूला एक छोटा पंप बसवला. लिंबाएवढा. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या डबीला, डबीला दोन बॅटऱ्या. हा पंप ठोके देत नाही. तो पंख्यासारखा सलग फिरतो आणि रक्त सलग वाहत राहतं. त्यामुळे माणूस बोलतो, हसतो, चालतो, आणि हाताला नाडीच लागत नाही. मिस्त्रींना हे फार आवडलं. दवाखान्यात नवीन नर्स दिसली की मनगट पुढे करायचे, "जरा नाडी बघता का?" बिचारी शोधशोध शोधायची, पांढरीफटक व्हायची, आणि हे गालात हसत बसायचे. त्यांना मी दोनदा दम दिला. दोन्ही वेळा त्यांनी माझा दम परत बोलून दाखवला.

तीन वर्षं बरी गेली. मग त्यांच्या हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या झडपेला गळती लागली. पंप रक्त वर ढकलायचा आणि गळक्या झडपेतून तेच रक्त परत हृदयात यायचं. पंप फिरतोय, रक्त फिरतंय, पण शरीराला काहीच मिळत नाही. छाती पुन्हा उघडून झडप बदलणं एवढा एकच मार्ग होता. मी तेव्हा निवृत्तीला टेकले होते, बहुतेक वेळ शिकवण्यात आणि सह्या करण्यात जायचा. मिस्त्रींनी सर्जनला निक्षून सांगितलं, "भूल डॉक्टरीणबाई देतील. नाहीतर मी असाच गळत बसतो."

आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना तपासायला वॉर्डात गेले. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मिस्त्रींना काहीच समजावून सांगायची गरज नव्हती, उलट तेच मला सांगायला लागले. "पंप डाव्या बाजूचा. त्याला रक्त पुरवायचं काम माझ्या उजव्या बाजूचं. आणि माझी उजवी बाजू म्हातारी झालीय. उद्या मशीनवरून उतरवताना ती बसणार. बसली तर तुमचे नवे साहेब म्हणतील, उजव्या बाजूलाही तात्पुरता पंप लावू."

"म्हणतील," मी म्हटलं.

"लावायचा नाही." ते खिडकीकडे बघत होते. "ही आधीच या मशीनला सवत म्हणते. दुसरी सवत नको. आणि तात्पुरता कसला, मी पाहिलेत ना ते पेशंट. महिना महिना पडून असतात, घरचे बाकावर बसून झिजतात. एक पुरे झाला. उजवी बाजू बसली तर मला सोडून द्यायचं. तुम्ही बघायचं."

मी काय करायला हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. त्यांचं वाक्य परत बोलायचं, फाइलमध्ये लिहायचं, सर्जनला सांगायचं. मी त्यांच्या चादरीची घडी नीट केली आणि म्हटलं, "तोंड उघडा. मोठं. दात हलतात का कुठले?" त्यांनी तोंड उघडलं.

अशा पेशंटला भूल देणं म्हणजे हातांना डोळे बांधून काम करायला लावणं. रक्तदाबाचा पट्टा आकडा दाखवत नाही, बोटाला लावायच्या क्लिपचा आकडा मध्येच हरवतो, आणि नाडी तर नाहीच. हाताच्या रक्तवाहिनीत सोनोग्राफीनं बघून सुई घातली. कपाळाला मेंदूतला प्राणवायू मोजणाऱ्या पट्ट्या लावल्या. भुलीचं औषध थेंबथेंब दिलं, कारण एकदम दिलं तर रक्तवाहिन्या सैल पडतात आणि उजव्या बाजूला रक्त मिळत नाही. श्वासही नेमका द्यायचा. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला तर फुप्फुसातल्या वाहिन्या आवळतात आणि सगळा भार त्याच थकलेल्या उजव्या बाजूवर येतो. झोप लागायच्या आधी मिस्त्री म्हणाले, "हळू. घाई नाही." मी म्हटलं, "हळू. घाई नाही." आणि ते झोपले. सवयीनं माझी दोन बोटं त्यांच्या कानापुढे गेली. तिथे काहीच नव्हतं. मी तरी ती तिथेच ठेवली. त्या गरम कातडीवर बोटं ठेवून मला जुनं थिएटर आठवलं, खडखडणारा पत्रा आठवला, आणि फार एकटं वाटलं.

मशीनवर मिस्त्रींची शिष्या होती. तिला सगळे धाकटी म्हणतात. चाळिशी आली तरी धाकटीच. सर्जन माझ्या मुलाच्या वयाचा, हाताचा सोन्यासारखा आणि जिभेचा जरा उतावळा. झडप बदलून झाली, दीड तासात. मग उतरवायची वेळ आली.

"श्वास चालू?" धाकटीनं विचारलं.

"श्वास चालू," मी म्हटलं.

तिनं मशीनचा वेग उतरवायला सुरुवात केली आणि मिस्त्रींच्या छातीतल्या पंपाचा वाढवायला. तीन मिनिटं ठीक गेली. मग पंपाची डबी ओरडायला लागली, रक्त कमी पडतंय म्हणून. "वेग वाढवा," सर्जन म्हणाला. कुणालाही हेच सुचतं. मी अन्ननलिकेत सोडलेल्या सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहत होते. डावा कप्पा चपटा झाला होता, मधली भिंत त्याच्याकडे ओढली गेली होती, आणि उजवा कप्पा फुगून टम्म. पंप उपाशी होता, आणि आपण त्याला अजून जोरात ओढायला सांगत होतो.

"वेग कमी करा," मी म्हटलं.

सर्जननं वर पाहिलं. धाकटी थांबली. परत बोलल्याशिवाय ती बोट हलवत नाही. सर्जन म्हणाला, "वेग कमी." तिनं म्हटलं, "वेग कमी करतेय." भिंत जरा मध्ये आली. मी फुप्फुसाच्या वाहिन्या सैल करणारा वायू सुरू केला, उजव्या बाजूला जोर देणारी औषधं वाढवली. दहा मिनिटं बरं चाललं. मग उजवी बाजू पुन्हा फुगली. परत मशीनवर घेतलं, अर्धा तास विश्रांती दिली, पुन्हा उतरवलं. पुन्हा तेच. मिस्त्रींनी आदल्या दिवशी जे सांगितलं होतं, अगदी तसंच, जणू त्यांनी आतून बघून सांगितलं होतं.

सर्जननं हात थांबवले. "उजव्या बाजूला तात्पुरता पंप लावू या. चार-आठ दिवसांत उजवी बाजू सावरेल. नाहीतर हे टेबलावरच जातात." मग माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमची इतकी जुनी ओळख आहे. यांनी काही बोलून ठेवलंय का?"

आता यावर मी काय सांगू. मला वाटलं असतं तर मी म्हणू शकले असते, बोललेत, पण मी परत बोलले नाही, म्हणजे आमच्या नियमानं ते सांगितलंच नाही. असा वकिली विचार माझ्या डोक्यात आला, हे खरं आहे. पण तसंही मी म्हटलं नाही. मी पडद्याकडे बघत सरळ म्हटलं, "नाही."

"उजवा पंप लावतोय," सर्जन म्हणाला.

"उजवा पंप लावतोय," धाकटी म्हणाली.

"उजवा पंप लावतोय," मी म्हणाले. माझा आवाज स्वच्छ होता. त्याआधीचं ते 'नाही' हे तीस वर्षांत मी थिएटरात बोललेलं पहिलं खोटं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या घशातली नळी काढली. त्यांनी डोळे उघडायच्या आधी मान वळवली, खाटेशेजारी जिकडे दुसरा पंप चालला होता तिकडे. मशीनचा आवाज त्यांना कुणी सांगायला लागत नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी धाकटी त्यांना भेटून गेली, आणि तेव्हापासून माझ्यापुरतं त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. नर्सशी बोलायचे, वहिनींशी बोलायचे, धाकटीला तर पंपाचे आकडे विचारून भंडावून सोडायचे. मी आत गेले की डोळे मिटायचे. मी रोज दोनदा जायची. खुर्चीत बसायची, पाच मिनिटांनी उठायची. वहिनी म्हणायच्या, "काय झालंय यांना? तुमच्यावर कधी रुसले नव्हते." मी म्हणायची, औषधांनी होतं तसं. म्हणजे खोटं बोलण्याचा आता मला सरावच झाला होता.

आठव्या दिवशी उजवी बाजू सावरली आणि तो पंप निघाला. दहाव्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा मिस्त्री उशीला टेकून बसले होते. वहिनी जेवायला गेल्या होत्या.

"बसा," ते म्हणाले.

मी बसले.

"तुम्ही परत बोलला नव्हता. त्या दिवशी. माझ्या लक्षात आलं होतं."

"मग तेव्हाच का नाही टोकलंत?"

ते म्हणाले, "दात हलतात का विचारलंत ना तुम्ही, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा नीट झोप लागली. भीती वाटत होती हो मला. सोडून द्या म्हणणं सोपं असतं. कुणी खरंच 'बरं, सोडून देते' म्हटलं असतं तर माझं काय झालं असतं?"

मी विचारलं, "मग आठ दिवस रुसला होतात कशाला?"

"धाकटीनं सांगितलं. साहेबांनी विचारल्यावर तुम्ही नाही म्हणालात. थिएटरात खोटं बोलायचं नाही, डॉक्टरीणबाई. हो म्हणून मग लावायचा होता. 'ते नको म्हणाले होते, पण मला ते हवेत,' असं म्हणायचं होतं. साहेब काय मारणार होते तुम्हाला?"

"मला ते म्हणता आलं नसतं," मी म्हटलं. "मला तुम्ही हवे होतात हे मला तिथे, सगळ्यांसमोर म्हणता आलं नसतं."

"मग आता म्हटलंत की." ते हसले. थोड्या वेळानं हसू गेलं. "आता नीट ऐका. हे भीतीनं नाही बोलत. माझं मिळायचं ते मिळालं. पुढच्या वेळी काही झालं तर नवं मशीन नाही, नवी नळी नाही, छाती पुन्हा उघडायची नाही. हिलाही मी सांगणार आहे. पण आधी तुम्ही परत बोला."

मी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबले. त्यांनी घाई केली नाही. तिसऱ्यांदा मी पूर्ण म्हटलं, नवं मशीन नाही, नवी नळी नाही, छाती पुन्हा उघडायची नाही. मग फाइल मागवून त्यांच्यासमोर लिहिलं आणि त्यांनी सही केली.

चौदा महिने मिळाले. ते वहिनींबरोबर रोज संध्याकाळी चालायला जायचे, बॅटऱ्यांची पिशवी त्यांनी एका खांद्यावर घ्यायची आणि पाण्याची बाटली वहिनींनी. मी निवृत्त झाले होते, कधी कधी मीही जायची. आम्ही तिघं जुन्या थिएटरच्या गोष्टी काढून हसायचो, त्याच त्याच गोष्टी, आणि दर वेळी मिस्त्री त्यात काहीतरी नवीन घुसडायचे. मला ते दिवस फार आवडले. माझ्या सगळ्या नोकरीत जेवढं समाधान मिळालं नाही तेवढं मला त्या चालण्यात मिळालं.

मग एका सकाळी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. पंपासाठी रक्त पातळ ठेवावं लागतं, त्यात हा धोका असतोच. मी पोचले तेव्हा ते बेशुद्ध होते आणि पंप आपला सलग फिरत होता. तोच सर्जन धावत आला होता. म्हणाला, कवटी उघडून रक्त काढून बघता येईल, श्वासाच्या मशीनवर ठेवता येईल, आशा कमी आहे पण करता येईल. मग तो थांबला आणि त्यानं मला विचारलं, "मॅडम, यांनी काही बोलून ठेवलंय का?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, पण त्यांच्याच्यानं बोलवत नव्हतं.

"हो," मी म्हटलं, आणि मिस्त्रींचं वाक्य शब्दाला शब्द लावून सांगितलं. आयुष्यात मला कुठलंही वाक्य इतकं जड गेलं नाही. सर्जननं ते हळू आवाजात परत बोलून दाखवलं आणि तो बाजूला झाला. मी खुर्ची ओढून मिस्त्रींच्या डोक्याशी बसले, वहिनी त्यांचा हात धरून बसल्या, आणि आम्ही दोघींनी काहीच केलं नाही.